गोठ्याचं पाणी जातं कुठं?

आम्ही अकरा जणी, एकाच बचत गटातल्या, आज रेडिओच्या या छोट्या खोलीत दाटीवाटीनं बसलो आहोत. माइकसमोर एकच जण बोलणार, पण बोलणं अकरा जणींचं आहे. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणते.

विषय जरा वासाचा आहे. सकाळी धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं, की आपण काय करतो? गोठा धुतो. शेण उचलतो, खराट्यानं झाडतो आणि राहिलेलं पाण्याच्या पाइपनं ढकलून देतो. गोठा स्वच्छ होतो. पण ते हिरवं-काळं पाणी जातं कुठं? आम्हीही वर्षानुवर्षं हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. चरातून गेलं, कुंपणाबाहेर गेलं, की आपल्या दृष्टीनं ते संपलं.

आमच्या गटातल्या एकीचा गोठा आहे, पाच संकरित गाईंचा. त्याच्या खालच्या अंगाला, शंभरेक पावलांवर, गटातल्याच दुसरीचा आड आहे. आमची जमीन मुरमाड. वर ओतलेलं पाणी झटकन खाली जिरतं. उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत त्या आडावर सात-आठ घरं जगायची. तीन वर्षांपूर्वी त्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी आली. आशाताई भेटायला आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात पाणी कुठलं वापरता?" आड दाखवल्यावर त्यांनी वर पाहिलं, गोठ्याकडे. म्हणाल्या, "हे पाणी तपासून घ्या. तोवर बाळाला यातलं थेंबभरसुद्धा नको."

पाणी तपासलं. त्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं आपल्या देशाचं मानक सांगतं. मोठ्या माणसाला त्याचा त्रास लगेच जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतलं मूल वरचं दूध पीत असेल आणि ते दूध अशा पाण्यात कालवलेलं असेल, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं. आमच्या लेकीचं बाळ अंगावर पीत होतं, म्हणून निभावलं.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण आम्हीही चुकलो होतो. आम्ही म्हटलं, पाणी उकळून घेऊ. पण उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. तुरटी फिरवून जात नाही, फडक्यानं गाळूनही जात नाही. एकदा ते जमिनीखालच्या पाण्यात उतरलं की काढणं फार अवघड. म्हणून ते वरच अडवायला हवं.

मग गटाच्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. आडवाली म्हणाली, तुझ्या गोठ्यानं माझा आड नासवला. गोठेवाली म्हणाली, गाई काय आजच्या आहेत का, आणि उकिरडे काय फक्त माझेच आहेत का? दोघींचंही खोटं नव्हतं. नायट्रेट शेणामुतातून येतं, तसं शेतात टाकलेल्या युरियातून येतं, संडासाच्या शोषखड्ड्यातूनही येतं. पण गोठ्याचा चर सरळ आडाच्या दिशेला जात होता, हे सगळ्यांना दिसत होतं. दोघी पाच महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत. हप्ता भरायला यायच्या, वहीवर सही करायच्या आणि उठून जायच्या. आम्ही बाकीच्या नऊ जणींनी तेव्हा ठरवलं, भांडण मिटवायचं असेल तर आधी पाणी मिटवायला हवं.

आता हे पाणी असतं तरी काय? एक मोठी गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते, कधी त्याहूनही जास्त. वर मूत. त्यात न पचलेला चारा, नत्र, स्फुरद आणि कोट्यवधी जंतू. शेतात पडलं तर सोनं. ओढ्यात, गटारीत किंवा आडात गेलं तर विष. ओढ्यात गेलं की जंतू ती घाण खायला लागतात, त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि मासे गुदमरून वर येतात. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं दूध-गोठे आणि गोशाळांसाठी काढलेल्या सूचनांतही शेण आणि धुण्याचं पाणी गटारीत, नदी-ओढ्यात सोडू नका, असं सांगितलं आहे.

पण ऐका, ती घाण खाणारे जंतू आपले वैरी नाहीत. तेच खरे कामकरी आहेत. त्यांना जागा द्यायची, वेळ द्यायचा आणि त्यांच्या पोटाला झेपेल इतकंच वाढायचं. नैसर्गिक पद्धतीनं पाणी शुद्ध करणं म्हणतात ते एवढंच.

आणि हे आपल्याला अगदी नवीन नाही. आपल्या आज्यांनी न्हाणीच्या मागं अळू आणि कर्दळ का लावली होती? मोरीचं पाणी तिथं जायचं, केळ पोसायची, चिखल व्हायचा नाही, वास यायचा नाही. मुळांना चिकटून राहणारे जंतू साबणाचं, खरकट्याचं पाणी खाऊन टाकायचे. जर्मनीत केथे झाइडेल नावाच्या एक वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी १९५० नंतरच्या दशकात हीच गोष्ट प्रयोग करकरून तपासली. लव्हाळ्याच्या कुळातल्या पाणवनस्पती त्यांनी घाण पाण्यात वाढवल्या. कारखान्याचं पाणी घेतलं, जनावरांच्या गोठ्याचं पाणीही घेतलं. आज जगभर खडीत झाडं लावून पाणी स्वच्छ करणारे जे वाफे दिसतात, त्यांची सुरुवात करणाऱ्यांत या बाईंचं नाव घेतात.

आम्ही उत्साहानं कामाला लागलो आणि पहिल्याच झटक्याला सपशेल पडलो. तेही सांगतो, म्हणजे तुम्ही पडणार नाही. आम्ही चराच्या तोंडाशी खड्डा घेतला, खडी भरली, कर्दळ लावली आणि गोठ्याचं पाणी सरळ त्यात सोडलं. महिन्याभरात कर्दळीची पानं कडेनं करपली. दोन महिन्यांत खडीवर शेणाची साय धरली. पाणी खाली जाईना, वर तुंबलं, डास झाले. गोठेवालीच्या घरचे म्हणाले, "झाली हौस?" चूक झाडांची नव्हती. न्हाणीच्या पाण्याचा हिशेब आम्ही गोठ्याच्या पाण्याला लावला होता. हे पाणी कितीतरी पटीनं जड. जंतूंच्या ताटात एकदम आख्ख्या गावाची पंगत वाढली, तर ते बिचारे काय करणार?

दुसऱ्या वेळी शिकून, विचारून केलं. चार पायऱ्या आहेत. क्रम मोडायचा नाही.

पहिली पायरी खराट्याची आणि फावड्याची. धुण्याच्या आधी शेण कोरडं उचलायचं, जमेल तितकं सगळं. पाण्यानं शेण ढकलायचं नाही. हे फुकटातलं काम आहे आणि निम्मी लढाई इथंच जिंकली जाते. गोठ्याला उतार देऊन मुताची वेगळी नाली काढली, तर तेही डब्यात गोळा होतं आणि जीवामृताला कामी येतं. छपराचं पावसाचं पाणी पन्हळ लावून वेगळं काढायचं, ते गोठ्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. एवढं केल्यावर आमच्या पाच गाईंचा गोठा दिवसाला अडीचशे लिटरात धुऊन होऊ लागला.

गोबरगॅस असेल तर आणखी सोपं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण ५० किलो शेण आणि तितकंच पाणी कालवावं लागतं. मग चांगलं पाणी कशाला घालायचं? पहिल्या धुण्याचं पाणी तिथंच घाला, फक्त त्यात फिनेल किंवा साबण नको. पण गॅस बसवला म्हणजे सुटलो असं नाही. मागून निघणाऱ्या मळीत, म्हणजे स्लरीत, नत्र तसाच असतो. ती शेतात किंवा खताच्या ढिगावर गेली पाहिजे, चरात नाही.

दुसरी पायरी निवळण्याची. आम्ही दोन टाक्या बांधल्या, एकीला लागून दुसरी. प्रत्येकीत तीन फूट रुंद, चार फूट लांब, तीन फूट खोल पाणी राहतं. म्हणजे एकेका टाकीत हजारेक लिटर. अडीचशे लिटरच्या हिशेबानं पाणी प्रत्येक टाकीत चार दिवस थांबतं. जड गाळ तळाशी बसतो, हलकी साय वर तरंगते. मधलं पाणी पुढं जावं म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी बसवली आहे, तिचं तोंड पाण्याच्या आत राहतं. इथं हवा नसते, आणि हवा नसताना जगणारे जंतू घाणीचा पहिला घास इथं घेतात. गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की काढून खतात घालायचा. टाकीवर घट्ट झाकण हवंच, पोरंबाळं आहेत. आणि एक कायम लक्षात ठेवा, अशा टाकीत कुणीही, कधीही उतरायचं नाही. आतल्या वायूनं माणूस क्षणात पडतो, त्याला काढायला उतरलेलाही पडतो. गाळ बाहेरूनच, पंपानं किंवा लांब दांड्याच्या बादलीनं काढायचा.

तिसरी पायरी खडीच्या वाफ्याची. वीस फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. तळाला अगदी थोडा उतार. आमच्या मुरमातून पाणी जिरू नये म्हणून खाली शेततळ्याचा जाड कागद अंथरला. हा कागद विसरलात तर सगळं व्यर्थ, कारण आपण पाणी आडापासून अडवायला निघालो आहोत. पाणी येतं त्या आणि जातं त्या टोकाला मोठे दगड, मध्ये बोटाच्या पेराएवढी धुतलेली खडी. माती मिसळलेली खडी घेऊ नका, वाफा तुंबतो.

एवढ्या वाफ्यात पाणी किती मावतं? घरी करून बघा. दहा लिटरच्या बादलीत काठोकाठ खडी भरा आणि वरून तांब्यानं पाणी ओता. साधारण चार लिटर बसेल. तेच प्रमाण धरलं तर आमच्या वाफ्यात सत्तावीसशे लिटरच्या आसपास पाणी राहतं. रोजचे अडीचशे लिटर आत, अडीचशे बाहेर. म्हणजे आज आत गेलेलं पाणी दहा-अकरा दिवसांनी बाहेर येतं. तुमच्याकडे गाई जास्त असतील तर वाफाही त्या प्रमाणात मोठा हवा.

बाहेर पडणाऱ्या पाइपाला वर-खाली फिरणारा एल्बो लावला आहे. त्यानं पाण्याची पातळी खडीच्या तीन बोटं खाली ठेवायची. वर पाणी दिसलंच नाही पाहिजे. पाणी दिसत नाही तिथं डास अंडी घालत नाही आणि वासही उठत नाही.

लावायचं काय? कर्दळ, अळू, वाळा, ओढ्याकाठचं पाणकणीस. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नका, ती सुटली की तळी गिळते. पहिले तीन-चार आठवडे झाडांना साधं पाणी द्यायचं, मग निम्मं-निम्मं, मग पूर्ण. नवी सून घरात रुळायला वेळ घेते, तसंच हे. मुळं खोल गेली की ती खाली थोडा प्राणवायू सोडतात. मुळाजवळ हवेतले जंतू काम करतात, जरा लांब, जिथं हवा नाही, तिथं बिनहवेचे. एकजण अमोनियाचं नायट्रेट करतो, दुसरा त्या नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडून देतो. जे आडात उतरत होतं त्यातलं बरंच असं वाटेतच संपतं. राहिलेल्यातलं काही झाडं खातात, म्हणून कर्दळ वाढली की कापून न्यायची. तिथंच कुजू दिली तर खाल्लेलं परत पाण्यात येतं.

आणि हो, या वाफ्यातल्या अळूच्या वड्या करायच्या नाहीत. पानं कितीही तजेलदार दिसली तरी नाही.

चौथी पायरी, बाहेर आलेल्या पाण्याची. ते फिकट चहासारखं दिसतं, वास जवळजवळ नसतो. पण दिसायला स्वच्छ म्हणजे शुद्ध नव्हे. त्यात जंतू असतात. पिणं नाही, भांडी नाहीत, गाईच्या सडांना नाही, मेथी-कोथिंबिरीला नाही. आम्ही ते हत्तीगवताला देतो. तेही जमिनीला पेलेल इतकंच, रोज ओळ बदलून. एकाच जागी ओतत राहिलात तर फिरून पाणी खालीच जाणार. नत्र अति झाला तर चाऱ्यातही नायट्रेट साठतं आणि ते गाईला बाधतं. उन्हाच्या ताणात वाढलेल्या मक्या-ज्वारीत तर जास्तच. म्हणून हे पाणी देतो तिथं आम्ही युरिया बंद केला.

काय टाकू नये, तेही सांगतो. फिनेल, ब्लीचिंग पावडर, दुधाची भांडी धुण्याची रसायनं, खुरांसाठी केलेलं मोरचुदाचं पाणी, औषध चालू असलेल्या गाईचं टाकून द्यायचं दूध, यातलं काहीही टाकीत जाऊ द्यायचं नाही. ज्या जंतूंच्या जिवावर हे चाललं आहे, तेच मरतात. दूध तर त्या पाण्याला शेणापेक्षाही जड पडतं.

आता पैशाचं. खडी, कागद, पाइप, विटा-सिमेंट मिळून एका चांगल्या दुभत्या गाईच्या दीड-दोन महिन्यांच्या दुधाइतका खर्च आला. खोदकाम आम्ही अकरा जणींनी केलं. वीज लागत नाही, सगळं उतारावर चालतं. पण हा खर्च काढताना घरात जे बोलणं झालं, ते महत्त्वाचं. गोठा झाडणार आपण, शेण उचलणार आपण, आडावरून पाणी शेंदणार आपण, आजारी मूल मांडीवर घेणार आपण. पण गोठ्यावर खर्च करायचा म्हटलं की "विचारून सांगतो" हे ऐकायचंही आपणच. दुधाचं बिल जमा होतं ते पुरुषाच्या खात्यात. शेवटी गटानं कर्ज दिलं आणि परतफेड दुधाच्या बिलातून होईल, असं घरच्यांकडून लिहून घेतलं. त्याच कागदावर आडवालीनं पहिली सही केली. पाच महिन्यांनी त्या दोघी एका कागदावर शेजारी शेजारी आल्या.

शेणामुतातून बायकांच्या हाती पैसाही येऊ शकतो. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या पुढाकारानं घरोघरी गोबरगॅस बसले. चुलीचा धूर गेला, आणि उरलेली स्लरी बायका विकू लागल्या. आमचं तिथवर गेलेलं नाही. पण टाकीतला गाळ आणि कोरडं शेण मिळून गांडूळखताचे दोन वाफे सुरू झाले आहेत.

मग आडाचं काय, असं तुम्ही विचाराल. खरं सांगतो, आड अजून पूर्ण सुधारलेला नाही. जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं एका पावसात धुऊन निघत नाही. दर सहा महिन्यांनी आम्ही पाणी तपासतो. आकडा उतरतो आहे, पण सावकाश. प्यायला आणि मुलांना अजून नळयोजनेचंच पाणी घेतो, आडाचं धुण्या-भांड्याला. ते बाळ आता तीन वर्षांचं झालं, आजोळी आलं की कर्दळीची लाल फुलं तोडतं. त्याच्या आजीनं आडाच्या कठड्यावर रंगानं लिहून ठेवलं आहे : 'पिऊ नये'. ज्या दिवशी तपासणीत पाणी ४५ च्या खाली येईल आणि पुढचे दोन पावसाळे तसंच राहील, त्या दिवशी ती पाटी पुसायची, असं ठरलं आहे. आणि ती गोठेवालीनं पुसायची, असंही.

तुम्हाला लगेच वाफा बांधा असं आम्ही म्हणत नाही. उद्या सकाळी दोनच गोष्टी करा. धुण्याआधी शेण कोरडं उचला. आणि गोठा धुऊन झाला की त्या पाण्यामागं चालत जा, ते जिथं दिसेनासं होतं तिथपर्यंत. जवळपास विहीर, आड, हापसा आहे का बघा. असेल तर ते पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणीच्या संचावर पाणी तपासायला शिकवायची सोय आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. कुणी नसेल तर आपलं नाव द्या.